'तुम्ही' कुणाला म्हणता?

दरवर्षी 27 फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, जवळ आला की एक ठरलेली खडाजंगी सुरू होते. एका बाजूचा आग्रह असतो: 'थँक्यू' नको, 'धन्यवाद' म्हणा, 'सॉरी' नको, 'क्षमस्व' म्हणा. दुसरी बाजू उसळून म्हणते, आधी काहीतरी म्हणायला तर शिका. मराठी माणसाच्या तोंडून आभाराचा शब्द चिमट्याने ओढून काढावा लागतो. आठवडाभर हे चालते आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थंडावते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते, ती म्हणजे सभ्यपणा तीन-चार सुट्या शब्दांत मावतो, आणि भांडण फक्त ते शब्द कुठल्या भाषेतले असावेत एवढेच आहे. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. मराठीतला आदर मुख्यतः सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात असतो. तो आपण कुणाला देतो आणि कुणाला नाकारतो, यावर मात्र दोन्ही बाजू गप्प असतात.

आधी शुद्धीवाल्यांचे पाहू. परके म्हणून 'सॉरी' हाकलायचे, तर 'माफ करा' कुठे ठेवायचे? 'माफ' अरबीतून आलेला, 'मेहेरबानी' फारसी, 'साहेब' पुन्हा अरबी. विनंती मऊ करायला आपण उठता-बसता जो 'जरा' वापरतो, तोही तिकडूनच आलेला. पत्राच्या ज्या 'मायन्या'त 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहीत पिढ्या गेल्या, तो 'मायना' शब्दही परकाच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला, हा दाखला या वादात हमखास दिला जातो. तो द्यावा, पण पुरता द्यावा. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती झाला. ही पदांची नावे होती, दरबाराच्या हातातली. तरी पुढच्या शतकात मुख्य प्रधानाला सगळी दुनिया पेशवाच म्हणत राहिली आणि मराठी दरबारांच्या पत्रांत 'मेहेरबान' सुखाने नांदला. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीतले 'महापौर' आणि 'दिनांक' रुजले, कारण ते छापणारी नगरपालिका होती, सरकारी छापखाना होता, वर्तमानपत्रे होती. सौजन्याचा शब्द असा छापून येत नाही. धक्का लागल्यावर अर्ध्या सेकंदात जे तोंडातून जाते, त्यावर कुणाचा हुकूम चालणार?

हुकूम चालवून पाहिलेलेही आहे. 2 ऑक्टोबर 2022 पासून सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे, असे आवाहन राज्य शासनाने शासननिर्णय काढून केले. त्यावर बाजूने आणि विरोधात ढीगभर बोलले गेले. आज तहसील कचेरीत फोन लावून पाहा. फोन उचललाच, तर पलीकडून बहुधा 'हॅलो'च ऐकू येईल. त्याहून गमतीची गोष्ट अशी की पहिला शब्द कोणता असावा यावर शासननिर्णय निघाला, पण त्या पहिल्या शब्दानंतर नागरिकाला 'काय पाहिजे तुला?' असे विचारायचे की 'बोला, काय काम होतं?' असे, याची चर्चा कुणी केल्याचे आठवत नाही.

आता दुसरी बाजू. मराठीत आभार मानायची पद्धतच नाही, हे म्हणणे अज्ञानाचे आहे. पंगतीतून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, ते दुसरे काय आहे? मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत 'देव बरे करो' हा रोजच्या वापरातला आभाराचा शब्द आहे. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची, ही आभाराची रीत घरोघर होती आणि बऱ्याच घरांत अजून आहे. कुणाला पाय लागला तर वाकून त्याला हात लावायचा आणि तो आपल्या कपाळाला न्यायचा. यात एकही शब्द उच्चारावा लागत नाही. निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. वाढताना 'सावकाश होऊ द्या' म्हणायचे. हे सगळे असताना आम्ही उद्धट कसे?

पण या बाजूच्या मुद्द्यात एक गाभा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वर सांगितलेल्या बहुतेक रीती ओळखीच्या माणसांसाठी आहेत. भांडे परत करायला शेजारीण लागते. 'येतो' म्हणायला परत यायचे घर लागते. लोकलच्या दारात आपल्यासाठी दोन इंच सरकलेला माणूस, लिफ्टचे दार धरून उभी राहिलेली बाई, बँकेत पेन देणारा अनोळखी माणूस, यांच्याशी आपले नाते सात सेकंदांचे असते. त्या सात सेकंदांसाठी जुन्या मराठीत तयार, हलका शब्द नव्हता. 'धन्यवाद' व्यासपीठावरचा वाटतो, 'आभारी आहे' म्हणताना उगाच छाती पुढे येते. ती जागा 'थँक्यू'ने घेतली. 'मनात असतं, बोलून कशाला दाखवायचं' हा बचाव घरात एखादे वेळी चालेल. अनोळखी माणसाला आपल्या मनातले कसे कळावे? तेव्हा थँक्यू म्हणावे, बिनदिक्कत म्हणावे. धक्का लागल्यावर 'सॉरी' म्हणावे. फक्त त्यापुढे 'लागलं का?' एवढे दोन शब्द जोडावेत. 'सॉरी'त आपली सुटका होते, 'लागलं का?' विचारल्यावर समोरच्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.

शुद्धीवाल्यांचा एक मुद्दा मात्र त्यांनी स्वतः नीट मांडलेला नाही, आणि तोच त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. 'प्लीज' आल्याने एखादा मराठी शब्द गेला असे झाले नाही. 'कृपया' कधीच कुणी घरात म्हणत नव्हते. विनंतीची रूपे मात्र झिजायला लागली. मराठी विनंतीचे साधारण चार भाग असतात: हाक, मऊ करणारा शब्द, क्रियापदाचे रूप, आणि नकाराला ठेवलेली वाट. 'काका, जरा तेवढी पिशवी वर ठेवाल का, जमलं तर?' यात 'काका' ही हाक, 'जरा तेवढी' हा मऊपणा, 'ठेवाल का' हे रूप, 'जमलं तर' ही वाट. चारही भाग प्रत्येक वेळी लागत नाहीत. दोन असले तरी भागते. मऊ करणारा शब्द मुलखागणिक बदलतो. पुण्यात 'बसा ना', कोल्हापुरात 'बसा की', नागपूर-भंडाऱ्याकडे शेवटी 'जी'. क्रियापदाची तर उतरंडच आहे: दे, दे ना, देतोस का, देशील का, द्या, द्याल का, द्यावे, आणि सगळ्यांत अलगद 'मिळेल का'. 'एक चहा मिळेल का?' या वाक्यात देणारा कुठेच नाही, त्यामुळे त्याच्यावर काही लादलेही जात नाही. (या 'द्यावे'च्या रूपाचा उलटा वापर पुणेरी पाट्यांनी कळसाला नेला. 'बेल एकदाच वाजवावी.' व्याकरण आदराचे, आशय टपलीचा.)

'प्लीज'ने होते असे, की बोलणाऱ्याला वाटते आपले सौजन्याचे देणे फिटले, आता क्रियापद कसेही असले तरी चालेल. 'प्लीज तो फॉर्म दे.' 'प्लीज बाजूला हो.' समोरच्याच्या कानाला 'दे' आणि 'हो' आधी टोचतात. वरचा 'प्लीज' वैतागाचा वाटतो, कारण मराठीत तो वैतागातही वापरतात: 'प्लीज हं, आता पुरे.' याहून खोल गेलेली चूक म्हणजे 'शकता का'. 'तुम्ही मला मदत करू शकता का?', 'आपण थोडा वेळ थांबू शकता का?' हे ग्राहकसेवेच्या फोनवरून, भाषांतरित पडद्यांवरून आता घराघरात आले आहे. मराठीत 'शकणे' कुवत विचारते किंवा मुभा देते. 'थांबू शकता का' या प्रश्नाला मराठी कान 'हो, पाय धड आहेत' असे उत्तर देऊ पाहतो. इच्छा विचारायची असेल तर 'थांबाल का?' आहे, आणि ते अर्ध्या लांबीचे आहे. तसेच 'आपण'चे. हिंदीतल्या 'आप'च्या जागी सरसकट 'आपण' बसवले जाते, पण मराठी 'आपण'मध्ये बोलणाराही येतो. 'आपण थकबाकी भरावी' असा संदेश आला की नेमकी कुणी भरावी, बँकेने की ग्राहकाने? 'तुम्ही' पुरेसा आदराचा आहे. त्याला वरच्या मजल्यावर नेण्याची गरज रोजच्या व्यवहारात पडत नाही. शाळेत शिकवायचेच असेल, तर 'धन्यवाद' पाठ करून घेण्यापेक्षा सातवीच्या मुलांना एकच मागणी आठ रूपांत लिहायला लावावी आणि प्रत्येक रूप कुणाशी बोलताना शोभेल ते विचारावे. आई, बसवाहक, मुख्याध्यापिका, कचरा न्यायला येणारा माणूस. शेवटच्या नावापुढे मुले कोणते रूप लिहितात ते नीट पाहावे.

खरा प्रश्न तिथून सुरू होतो, पण त्याआधी घरातले 'अहो' जात असल्याची जी हळहळ आहे तिचा समाचार घ्यायला हवा. बायको नवऱ्याला नावाने हाक मारते, मुले बापाला 'ए बाबा' म्हणतात, म्हणजे आदर संपला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग असा की अंतर राखण्यालाही एक किंमत असते. भांडण टोकाला गेले की 'अहो' जिभेला लगाम घालते. मान्य. पण तो लगाम कुणाच्या तोंडात होता? नवरा 'अगं', बायको 'अहो'. वयाने लहान असलेल्या दिराला वहिनीने 'भाऊजी' म्हणून 'अहो' करायचे, धाकट्या नणंदेला 'वन्सं' म्हणायचे, आणि त्या दोघांनी आईसमोर तिच्या चुका काढायच्या. सासू-सासऱ्यांनी तिशीतल्या जावयाला 'अहो जावईबापू' म्हणायचे आणि तिशीतल्या सुनेला 'अगं'. वय हा निकष असता तर हे असे झाले नसते. तो आदर वयाला नव्हताच, बाजूला होता: मुलाकडची बाजू आणि मुलीकडची बाजू. आज नवरा-बायको दोघे एकमेकांना 'अरे-अगं' करतात तेव्हा आदर उणा झाला असे म्हणता येत नाही. एकतर्फी होता तो दुतर्फी झाला.

हा एकतर्फी-दुतर्फीचा फरक ब्राउन आणि गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांच्या संदर्भात नेमका मांडला. एकेरी सर्वनाम दोन्हीकडून असेल तर ती सलगी. एकीकडून एकेरी आणि दुसरीकडून आदरार्थी असेल तर ती सत्ता. मराठी वाचकाला हे ओळखायला युरोपात जायची गरज नाही. संतांनी विठ्ठलाला 'तू' म्हटले, आईला आपण सगळे 'तू' म्हणतो. कोकणात आणि अनेक आदिवासी वस्त्यांत वडीलधाऱ्यालाही 'तू' चालते आणि तोही उलट 'तू'च म्हणतो. तिथे अपमान शोधणे शहरी अडाणीपणाचे आहे. एकेरी शब्द अपमानाचा नसतो. परत येण्याचा रस्ता बंद असेल तेव्हा तो अपमानाचा होतो.

मग सगळ्यांना 'तू'च का करू नये? फ्रान्समध्ये 1793 च्या सुमारास क्रांतिकारकांनी तसा आग्रह धरला होता. काही वर्षांत लोक पुन्हा आदरार्थी 'वू'कडे वळले. स्वीडनमध्ये मात्र ते टिकले. तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रुर रेक्सेद यांनी 1967 मध्ये आपण सर्व सहकाऱ्यांना एकेरी 'दू' म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला 'दू' म्हणावे असे जाहीर केले. त्याआधीच लोकांची जीभ त्या दिशेने वळत होती, आणि मुख्य म्हणजे सुरुवात वरच्या माणसाने स्वतःपासून केली. महाराष्ट्रात मला उलटी दिशा जास्त व्यवहार्य वाटते: 'तू' वर नेण्यापेक्षा 'तुम्ही' खाली आणावे. कारण आपल्याकडे 'तू' कुणी ऐकला आणि कुणी ऐकवला याचा इतिहास जातीचा आहे. गावगाड्यात पाटलाचे पोर म्हाताऱ्या महाराला 'अरे' म्हणे आणि त्या म्हाताऱ्याने पोराला 'जोहार मायबाप' म्हणायचे. चोखोबांच्या अभंगांत तो जोहार आहे. तो विसाव्या शतकात पुसला गेला आणि त्याजागी 'जय भीम' आले. कामठीचे आंबेडकरी कार्यकर्ते बाबू हरदास यांना त्याचे श्रेय दिले जाते. दोन माणसे भेटतात, दोघेही तोच शब्द उच्चारतात, कुणी वाकत नाही. यासाठी शासननिर्णय निघाला नव्हता. मराठीतल्या अभिवादनाच्या इतिहासात याहून मोठा बदल मला तरी माहीत नाही, आणि 'थँक्यू की धन्यवाद'च्या वादात त्याचे नावही कुणी काढत नाही.

एकेरी उल्लेखाबद्दल आपला समाज बेफिकीर आहे, असेही नाही. उलट फार हळवा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 2017 मध्ये 'महाराज' जोडले गेले. एखाद्या नेत्याचा एकेरी उल्लेख झाला की मोर्चे निघतात. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने अधिकाऱ्यांना लेखी बजावले की आमदार-खासदार भेटीला आले की उठून उभे राहावे आणि त्यांचे म्हणणे लक्ष देऊन ऐकावे. एप्रिल 2023 मध्ये महिला व बालविकासमंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितला. बायकांनीच तो हाणून पाडला आणि बरे केले. नवरा गेला हे बाईच्या नावाआधी लिहिणारा शब्द कितीही पवित्र नदीचा असला तरी त्याला आदर कसा म्हणायचा? बायको गेलेल्या पुरुषासाठी असे उपपद कुणी शोधले होते का? या सगळ्यात एक सूत्र दिसते. मोठ्यांच्या मानाबाबत आपण काटेकोर आहोत. उरलेल्यांना वाटल्यास एखादे गोड उपपद देतो.

आता शहरातल्या कुठल्याही सोसायटीतले रोजचे वाक्य घ्या. 'मॅडम आल्या नाहीत अजून' आणि 'मावशी आली नाही अजून.' मॅडम म्हणजे शिकवणीच्या, वय सत्तावीस. मावशी म्हणजे भांडी घासणाऱ्या, वय पंचावन्न. हाकेत नाते दिले, क्रियापदात आदर काढून घेतला. वॉचमन 'झोपला', डॉक्टर 'झोपले'. हॉटेलातला पोऱ्या 'ए छोटू', मग त्याला मिशा फुटलेल्या असोत. यावर लगेच उत्तर येते की सख्ख्या मावशीलाही आपण 'मावशी आली' असेच म्हणतो, हा जिव्हाळा आहे. जिव्हाळा असेलही. त्याची परीक्षा सोपी आहे: त्या मावशी तुम्हाला काय म्हणतात? सख्खी मावशी तुम्हाला 'तू' म्हणते. या 'ताई, तुम्ही' म्हणतात. पंचावन्न वर्षांची बाई तिशीतल्या बाईला 'तुम्ही' म्हणते आणि ऐकते 'तू'. ब्राउन-गिलमन वाचला नसला तरी याचा अर्थ त्या मावशींना पुरता ठाऊक असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शब्दांनी पोट भरत नाही, 'तुम्ही' म्हणण्यापेक्षा पगार वाढवा. पगार वाढवावाच. पण हा युक्तिवाद करणारे सहसा पगारही वाढवत नाहीत आणि 'तुम्ही'ही म्हणत नाहीत. शिवाय 'मावशी, उद्या येऊ नकोस' म्हणणे जितके सोपे जाते तितके 'उद्या येऊ नका' म्हणून दिवसाचे पैसे कापणे जात नाही. आदरार्थी रूप बोलणाऱ्यालाही थोडे बांधून घालते. तिसरा आक्षेप, 'तुम्ही म्हटलं की डोक्यावर बसतात', याचे उत्तर द्यायचे कारण नाही. चौथा मात्र प्रामाणिक आहे: 'त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.' होते, खरे आहे. आयुष्यभर 'तू' ऐकलेल्या माणसाला अचानक 'अहो' ऐकले की थट्टा चालली आहे असे वाटू शकते. म्हणून एका रात्रीत 'अहो पाटीलकाका, आपण झाडू घेता का' असे नाटक करू नये. आधी तिसऱ्या पुरुषी क्रियापद बदलावे, तेही ती व्यक्ती समोर नसताना: 'मावशी आल्या का?', 'दादा गेले का?' घरातली मुले ऐकतात आणि उचलतात. मग नाव विचारून घ्यावे. 'मावशी' आणि 'काका' पुष्कळदा नाव माहीत नसण्याची सोय असते. मग समोर 'तुम्ही'. आठ-पंधरा दिवस जीभ घसरते, वाक्य 'तुम्ही'ने सुरू होऊन 'कर'ने संपते. ते चालते.

शिवाय हे जमत नाही असे अजिबात नाही. आषाढीच्या वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला 'माउली' म्हणतो. 'माउली, जरा बाजूला व्हा', 'माउली, पाणी घ्या'. म्हणणारा बंदोबस्तावरचा हवालदार असतो, ट्रॅक्टरचा चालक असतो, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला बँकेतला अधिकारी असतो, आणि ऐकणारा कोण आहे हे कुणी विचारत नाही. पाया पडणेही दोन्हीकडून होते. तोच अधिकारी सोमवारी कामावर परततो, शिपायाला नावाने एकेरी हाक मारतो आणि चहा आल्यावर न विसरता 'थँक्यू' म्हणतो.